पाना की करवत : जुन्या मोटारसायकलीची स्ट्रीट ट्रॅकर घडविण्याच्या प्रश्नाचा आढावा

गेल्या पंधरा-वीस वर्षांत जुन्या मोटारसायकली उकलून नव्या रूपात घडविण्याचा छंद आपल्याकडे जसजसा फैलावत गेला, तसतसा त्याच्याविषयीचा वादही वाढीस लागला. या वादाची भाषा बहुधा आवडीनिवडीची असते. कोणाला ते रूप मोहक वाटते, कोणाला त्यात एका चांगल्या यंत्राची विटंबना दिसते, आणि अभिरुचीच्या प्रश्नात निर्णयाला जागा नाही असे समजून मंडळी आपापल्या वाटेने जातात. प्रस्तुत लेखकाला हे समाधान पुरेसे वाटत नाही. कॅफे रेसर, बॉबर, चॉपर अशा ज्या अनेक तऱ्हा या छंदात रूढ आहेत, त्यांपैकी स्ट्रीट ट्रॅकर ही एका विवक्षित शर्यतीच्या विवक्षित गरजांतून जन्मास आलेली असल्यामुळे तिच्या प्रत्येक अवयवाला काही कारण आहे. आणि जेथे कारण आहे तेथे ते डांबरी रस्त्यावर, भारतीय कायद्याखाली आणि चाळीस वर्षांच्या जुन्या लोखंडावर कितपत लागू पडते, याची चौकशी करता येते. ती चौकशी आजवर कोठवर आली आहे, एवढेच येथे मांडावयाचे आहे.

मातीचा मार्ग

अमेरिकेतील जत्रांच्या मैदानांवर घोड्यांच्या शर्यतींसाठी अर्ध्या मैलाचे आणि एक मैलाचे लंबवर्तुळाकार मातीचे मार्ग आयतेच तयार होते, आणि मोटारसायकल आली तेव्हा तिच्या स्वारांची वेगाची हौस पुष्कळशी याच मार्गांवर भागली. १९१० नंतरच्या दशकात लाकडी फळ्यांचे, तीव्र उताराचे मार्ग काही काळ गाजले. पण त्यांवरील अपघातांत चालकांबरोबर प्रेक्षकही मृत्युमुखी पडू लागले, फळ्या ऊनपावसाने कुजू लागल्या, आणि तो प्रकार मागे पडला. माती राहिली. पुढे १९३० च्या दशकाच्या आरंभी, जागतिक मंदीने या धंद्याचे कंबरडे मोडले असता, अमेरिकन मोटरसायक्लिस्ट असोसिएशनने ‘क्लास सी’ नावाचा वर्ग सुरू केला. कारखान्याने आपल्यापुरते बनविलेले खास शर्यतयंत्र येथे चालणार नाही, सामान्य ग्राहकाला विकत मिळते त्या जातीच्या गाडीवरच स्पर्धकाने उतरावे, हे त्या वर्गाचे मर्म. साइड-व्हॉल्व्ह इंजिनाला ७५० आणि ओव्हरहेड-व्हॉल्व्ह इंजिनाला ५०० घनसेंटिमीटर अशी मर्यादा मुकरर झाली. स्ट्रीट ट्रॅकरचे समर्थक आपली वंशावळ या नियमापासून सुरू करतात, आणि तो दावा मला रास्त वाटतो. कारण रस्त्यावरची गाडी शर्यतीला नेणे हेच या क्रीडेचे बीज असेल, तर शर्यतीतली आकृती रस्त्यावर परत आणणे हे त्या बीजाशी विसंगत म्हणता येणार नाही.

मातीच्या लंबवर्तुळावर गाडी सदैव डावीकडे वळते. वळणात मागचे चाक मुद्दाम बाहेर घसरू दिले जाते, पुढचे चाक उलट दिशेला धरले जाते, आणि पोलादी तळव्याचा बूट चढविलेला चालकाचा डावा पाय जमिनीला टेकून चालतो. उरलेली सारी रचना यातून उद्भवते. रुंद हँडल ही शोभा नव्हे, घसरत्या गाडीला सावरण्यासाठी लागणारी ती तरफ आहे. बैठक सपाट आणि मागे किंचित उचललेली, कारण चालकाला सरळ पट्ट्यात मागे सरून वाकायचे आणि वळणात पुढे सरकायचे असते. दोन्ही चाके १९ इंची. पुढचा ब्रेक मुळीच नाही, कारण घसरणीच्या ऐन क्षणी मातीत पुढचे चाक रोखणे म्हणजे पडणे. टाकी लहान, कारण शर्यत थोड्या फेऱ्यांची. दिवे, आरसे, मडगार्ड यांना अर्थातच फाटा, आणि पुढे व बाजूंना क्रमांकाचे फलक. वाचकाने ही यादी ध्यानात ठेवावी, कारण पुढचा बहुतेक वाद तिच्यातील कोणती बाब रस्त्यावर आणावी आणि कोणती मातीतच ठेवावी, याच्याभोवती फिरतो.

१९५४ पासून या क्रीडेला ग्रँड नॅशनल अजिंक्यपदाच्या मालिकेचे स्वरूप आले. साइड-व्हॉल्व्हला झुकते माप देणारा जुना नियम १९६९ च्या सुमारास जाऊन सर्वांना ७५० ची समान मर्यादा लागू झाली, तेव्हा हार्ले-डेव्हिडसनने १९७० साली एक्सआर ७५० काढली. तिची पहिली, बिडाची इंजिने फार तापत, परंतु १९७२ च्या ॲल्युमिनियम आवृत्तीने पुढची कित्येक दशके त्या मातीवर अधिराज्य केले. ब्रूस ब्राउन यांच्या १९७१ च्या ‘ऑन एनी संडे’ या माहितीपटाने मर्ट लॉविल यांच्यासारख्या अजिंक्यवीराचे कष्टाळू आयुष्य पडद्यावर आणून हा खेळ मैदानापलीकडच्या प्रेक्षकांपर्यंत पोहोचविला. यामाहाच्या बाजूने केनी रॉबर्ट्स यांनी १९७३ व १९७४ ची अजिंक्यपदे मिळविली, आणि १९७५ मध्ये इंडियानापोलिसच्या मैलावर त्यांनी टीझेड ७५० हे डांबरी शर्यतीचे चार सिलिंडरांचे टू-स्ट्रोक इंजिन मातीच्या चौकटीत बसविलेल्या गाडीने अखेरच्या सरळ पट्ट्यात हार्लेंना मागे टाकले. विजय अविस्मरणीय, पण यंत्र इतके अनावर की त्यानंतर त्याला मालिकेतून मज्जावच करण्यात आला. इंजिनाची शक्ती वाढविली म्हणजे ट्रॅकर चांगली होते, असे मानणाऱ्यांना हा दाखला नेहमी दिला जातो.

रस्त्यावरचे रूप

१९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात ट्रॅकमास्टर, चॅम्पियन यांसारख्या नावांच्या चौकटी शर्यतीसाठी बनत. त्यांत ट्रायम्फचे किंवा यामाहा एक्सएस ६५० चे समांतर दोन सिलिंडरांचे इंजिन बसवून, दिवे आणि क्रमांकपट्टी लावून, ती गाडी रस्त्यावर चालविण्याची चाल तेथे पडली. यामाहाचे हे ६५३ घनसेंटिमीटरचे इंजिन आजही त्या देशात ट्रॅकर घडविणाऱ्यांचे आवडते आहे. मोठ्या कारखान्यांनीही प्रयत्न केले. हार्लेने १९८३ मध्ये एक्सआर १००० आणि २००८ मध्ये एक्सआर १२०० काढली; दोन्हींचा नावलौकिक विक्रीपेक्षा मोठा राहिला. जपानात २००० च्या आसपास, एका लोकप्रिय दूरदर्शन मालिकेतील नायकाच्या गाडीमुळे, यामाहा टीडब्ल्यू २०० ला ट्रॅकरचे रूप देण्याची लाट उसळली, आणि होंडाने त्याच सुमारास एफटीआर २२३ बाजारात आणली. सिडनीच्या ड्यूस एक्स माकिना या पेढीने २००६ नंतर यामाहा एसआर आणि कावासाकी डब्ल्यू ६५० यांना तेच वळण दिले. तात्पर्य, अमेरिकन मातीतील ही आकृती आता कोणा एका देशाची उरलेली नाही.

या प्रसारात एक फरक मात्र हळूहळू घडून आला, ज्याची नोंद पुरेशी घेतली जात नाही. आरंभीच्या ट्रॅकर गाड्यांत चौकट शर्यतीची आणि दिवे रस्त्याचे होते. नंतरच्या बहुसंख्य गाड्यांत चौकट रस्त्याची आणि आकार तेवढा शर्यतीचा आहे. आपल्याकडे होते ते सर्वस्वी दुसऱ्या प्रकारचे काम.

आपल्याकडील सामग्री

रॉयल एनफील्ड बुलेटचा विचार प्रथम करणे क्रमप्राप्त आहे. १९५५ पासून मद्रासेत जुळविली आणि पुढे सर्वांशाने बनविली गेलेली ही गाडी, तिचे ७० मिलिमीटर व्यासाचे आणि ९० मिलिमीटर स्ट्रोकचे, ३४६ घनसेंटिमीटरचे इंजिन आणि जड फ्लायव्हील घेऊन, मातीच्या शर्यतीला हवा तो मंद, दमदार जोर जन्मतःच बाळगते. शिवाय जुन्या बुलेटची पुढची-मागची दोन्ही चाके १९ इंचीच होती, त्यामुळे ट्रॅकरसाठी परदेशात जे रिम मुद्दाम बांधून घ्यावे लागतात ते येथे कारखान्यातूनच लागून आले. तिच्या चौकटीत इंजिनाखालून जाणारा पाइप नाही. इंजिन स्वतःच चौकटीचा भारवाही भाग आहे. ही बाब मागची चौकट कापू पाहणाऱ्याने विसरता कामा नये.

म्हैसूरच्या आयडियल जावाने १९६१ पासून बनविलेल्या जावा आणि पुढच्या येझदी, १९८३ नंतरची एस्कॉर्ट्सची राजदूत ३५० आणि १९८५ ते १९९६ या काळातील यामाहा आरएक्स १०० या टू-स्ट्रोक गाड्यांचा चाहतावर्ग मोठा आहे, पण त्यांची संख्या दिवसेंदिवस घटत असल्यामुळे त्यांच्यावर करवत चालविणे अधिक वादग्रस्त ठरते. तुलनेने दुर्लक्षित अशी एक गाडी म्हणजे २००३ ची हिरो होंडा करिझ्मा. तिचे २२३ घनसेंटिमीटरचे इंजिन आणि जपानी एफटीआरचे इंजिन एकाच घराण्यातले. एफटीआरची चाके १८ इंची, करिझ्माचीही १८ इंची. ज्याला वंशशुद्धीचा आग्रह असेल त्याला आपल्या बाजारात याहून जवळचा नातलग मिळणे कठीण, आणि तरी लोक बुलेटकडेच वळतात, यात शास्त्रापेक्षा ममत्वाचा भाग अधिक आहे.

कामाची जागा म्हणाल तर पुण्याचा जुना बाजार, मुंबईत कुर्ल्याची भंगाराची दुकाने, कोल्हापुरातील लेथ आणि ओतकामाचे कारखाने यांनी हा छंद पोसला. मुंबईचे वर्देंची, जयपूरचे राजपुताना कस्टम्स यांसारख्या पेढ्यांनी त्याला व्यवसायाचे रूप दिले. २०१३ पासून गोव्यात सुरू झालेल्या इंडिया बाइक वीकमध्ये अशा गाड्या मांडल्या जाऊ लागल्या, आणि रॉयल एनफील्डच्या गोव्यातील मेळाव्यात मातीवरच्या शर्यतीही होऊ लागल्या. त्याच कारखान्याने २०२० पासून मातीच्या शर्यतींच्या अमेरिकन फ्लॅट ट्रॅक मालिकेत आपल्या ६५० च्या इंजिनाची गाडी उतरविली आणि हिमालयनवरून बनविलेल्या एफटी ४११ वर घसरण शिकविणारी शाळा भारतात काढली. म्हणजे ट्रॅकर हे आपल्याकडे केवळ चित्रातले रूप राहिलेले नाही. तिच्या मूळ उपयोगाची तोंडओळख येथेही होऊ लागली आहे.

जतन की फेरफार

पहिला पक्ष जतनवाद्यांचा. त्यांचे म्हणणे असे की, बंद पडलेल्या कारखान्याची गाडी पुन्हा निर्माण होणे नाही. तिची मूळ टाकी, मूळ मडगार्ड, मूळ कार्बोरेटर ही एका उद्योगाच्या इतिहासाची साधने आहेत, आणि मागची चौकट एकदा कापली की तो दस्तऐवज फाटला. या भावनिक वाटणाऱ्या मुद्द्याला २०२१ साली कायद्याचे बळ मिळाले. त्या वर्षी केंद्रीय मोटार वाहन नियमांत जी सुधारणा झाली तिच्या अन्वये प्रथम नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि चौकट, बाह्यांग वा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली वाहने ‘व्हीए’ या खास मालिकेखाली नोंदविता येतात. अशा वाहनाला रोजच्या वापराची मुभा नाही, हे खरे. तथापि १९७० च्या दशकातली येझदी आज कापणारा मनुष्य काही वर्षांतच तिला प्राप्त होणारा दर्जा आपल्या हाताने नष्ट करतो, हा जतनवाद्यांचा युक्तिवाद निरुत्तर करणारा आहे.

दुसऱ्या पक्षाचे उत्तरही दुर्बळ नाही. आपल्याकडच्या जुन्या गाड्यांपैकी किती मूळ स्वरूपात उरल्या आहेत, असा त्यांचा उलट प्रश्न असतो. तीन मालक, पाच मिस्त्री, दुसऱ्याच गाडीचा कार्बोरेटर, पत्रा ठोकून सरळ केलेला मडगार्ड अशी जिची स्थिती आहे, तिला मूळ स्वरूपात आणण्याचा खर्च बहुधा तिच्या किमतीहून अधिक. ती भंगारात जाण्यापेक्षा रस्त्यावर फिरलेली बरी. शिवाय फेरफार ही परदेशी लहर आहे असे मानणे इतिहासाला धरून नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर शिल्लक राहिलेल्या लष्करी हार्ले गाड्यांना तीन चाके लावून दिल्लीत प्रवासी वाहतुकीच्या फटफट्या बनविल्या गेल्या आणि त्या शतकाच्या अखेरीपर्यंत चालल्या. त्यांतील ७५० घनसेंटिमीटरच्या साइड-व्हॉल्व्ह इंजिनाची शर्यती भावंडे अमेरिकेत ‘क्लास सी’मध्ये माती उडवीत होती, इकडे तेच इंजिन चांदनी चौकात माणसे वाहत होते. उत्तरेत बुलेटला डिझेल इंजिन बसविणाऱ्या शेतकऱ्यांनाही कोणी अभिरुचीचा दाखला मागितला नाही.

या दोहोंच्या मध्ये एक तिसरी भूमिका अलीकडे दृढ होत आहे, आणि प्रस्तुत लेखकाचा कल तिच्याकडे आहे. पान्याने जे सुटते ते बदलावे, करवतीने जे तुटते त्याला हात लावू नये, असे तिचे सूत्र. टाकी, बैठक, हँडल, सायलेन्सर, रिम, स्प्रॉकेट हे सारे काढून ठेवता येते आणि पुढच्या मालकाला परत बसविता येते; मागचा छोटा शेपटा मूळ छिद्रांवरच बोल्टांनी बसेल असा बनविता येतो. या मार्गाने घडलेली ट्रॅकर थोडी जाड दिसते, तिच्या बैठकीची रेषा हवी तितकी सपाट येत नाही, आणि कलावंत मिस्त्री तिच्याकडे पाहून नाक मुरडतात. ती तक्रार खरी आहे, पण वजनदार नाही.

भूमितीचा प्रश्न

दिसण्याइतकाच, किंबहुना त्याहून महत्त्वाचा, वाद चालण्याविषयी आहे. हँडलच्या खांबाची रेषा खाली वाढविली असता जमिनीला जेथे भेटेल त्या बिंदूच्या मागे पुढचे टायर प्रत्यक्ष किती अंतरावर टेकते, त्या अंतराला ट्रेल म्हणतात. हे अंतर पुरेसे असले की चाक आपोआप सरळ राहू पाहते, घटले की गाडी चपळ पण अस्थिर होते. आता ट्रॅकर घडविणारा काय करतो? मागचे शॉकअप उंच लावतो, त्यामुळे गाडी पुढे झुकून खांब उभा होतो आणि ट्रेल घटते. दुसऱ्याच गाडीचे फोर्क बसवितो, ज्याच्या ‘टी’मधील, म्हणजे फोर्क धरणाऱ्या जोडातील, पुढे काढलेले अंतर वेगळे असल्याने ट्रेल पुन्हा बदलते; ते अंतर जास्त असेल तर ट्रेल आणखी कमी. त्यात पुढचे चाक १८ इंचांचे १९ केले तर ट्रेल थोडी वाढते आणि आधीची चूक काही अंशी झाकली जाते, पण हे गणित करून केलेले असते असे नव्हे. रुंद हँडलामुळे चालकाच्या हातात जोर भरपूर येतो, आणि जोर आला म्हणजे गाडीची बिघडलेली वृत्ती शहरातल्या वेगाला जाणवत नाही. ती जाणवते महामार्गावर, ताशी ८०-९० किलोमीटरला, खड्डा आल्यावर.

चाकांच्या बाबतीत तीन मते आहेत. शर्यतनिष्ठांच्या मते १९ इंची चाकांवाचून ट्रॅकर नाही. रस्तानिष्ठांच्या मते आधुनिक, पकड असलेली टायरे १७ इंचांत मिळतात आणि सुरक्षितता तेथेच आहे. ‘इंडियन’ या अमेरिकन कंपनीचे उदाहरण या पक्षाला फार उपयोगी पडते: २०१९ साली आलेली तिची एफटीआर १२०० पुढे १९ आणि मागे १८ इंची चाके घेऊन आली, आणि २०२१ च्या रस्त्यासाठीच्या आवृत्तीत कारखान्याने स्वतःच दोन्हीकडे १७ इंच स्वीकारले. तिसरे मत असे की, चौकट ज्या मापाच्या चाकासाठी आखली गेली तेच राहू द्यावे. जुन्या बुलेटच्या बाबतीत पहिले आणि तिसरे मत आयतेच एक होते, हा आपल्याकडचा सुदैवाचा भाग. मातीसाठी बनविलेली खास टायरे बहुधा रस्त्यावरच्या वापरासाठी प्रमाणित नसतात, आणि पावसाळ्यात कोकणच्या घाटात त्यांच्यावर विसंबणे शहाणपणाचे नाही, याविषयी तिन्ही पक्षांत फारसा मतभेद आढळत नाही.

पुढच्या ब्रेकविषयी मात्र वादाला जागाच नसावी. मातीतली उणीव डांबरावर पुण्य ठरत नाही. आकृती शुद्ध दिसावी म्हणून पुढचा ब्रेक काढणारे थोडे का होईना अजून आहेत, ही खेदाची गोष्ट होय.

जोडकामाचा मुद्दा अधिक सूक्ष्म आहे. जुन्या ब्रिटिश पद्धतीच्या पुष्कळ चौकटींत पाइप ओतीव सांध्यांत पितळेच्या झाळकामाने बसविलेले असतात. त्यांच्याजवळ विजेचे वेल्डिंग केले तर झाळ वितळते किंवा लगतचे पोलाद ठिसूळ होते, आणि रंग चढल्यावर डोळ्यांना काहीच दिसत नाही. चांगला मिस्त्री पाइपाच्या आत दुसरा तुकडा घालून जोड देतो आणि शॉकअपच्या बिंदूपुढे कापत नाही. पण चांगला मिस्त्री कोणता, हे ठरविणारी परीक्षा आपल्याकडे नाही.

इंजिनाविषयी थोडे

येथे मतभेद कमी आहेत. रिबोअर, नवा पिस्टन, नीट बसविलेले व्हॉल्व्ह आणि स्वच्छ कार्बोरेटर यांच्यापुढे जाऊन जुन्या इंजिनाची शक्ती वाढविण्यात लाभापेक्षा तापणे आणि थरथर अधिक, असे अनुभवी लोकांचे मत पडते. मागचे स्प्रॉकेट दोन-तीन दात्यांनी वाढविले की हवा तो जोर मिळतो. जुने सहा व्होल्टांचे वायरिंग मात्र सर्वस्वी टाकून बारा व्होल्टांचे घ्यावे, यावर सर्वांचे एकमत आहे. टू-स्ट्रोकच्या धुराचा प्रश्न मात्र उरतो. नियमांची मर्यादा गाडीच्या निर्मितिवर्षाप्रमाणे ठरते, आणि प्रदूषण प्रमाणपत्रासाठीची तपासणी इंजिन जागच्या जागी मंद चालू ठेवून होते. त्यामुळे बदललेल्या सायलेन्सरचा रस्त्यावरचा परिणाम त्या कागदावर उमटत नाही.

कायद्याचे कलम

आता ज्या प्रश्नाने या छंदाचे भवितव्य ठरावयाचे आहे त्याकडे वळू. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाचे ५२ वे कलम सांगते की, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मुळात निर्दिष्ट केलेल्या तपशिलाशी विसंगत होतील असा फेरफार मालकाने करू नये. आणि फेरफार म्हणजे वाहनाच्या रचनेतील असा बदल, ज्याने त्याचे मूलभूत वैशिष्ट्य पालटते, असे स्पष्टीकरण तेथेच जोडलेले आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, केरळ उच्च न्यायालयाचा निकाल फिरवून, या कलमाचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने १८२-अ हे कलम आले, ज्याच्या चौथ्या उपकलमान्वये अनधिकृत फेरफाराला सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

याखेरीज केंद्रीय नियमांतील १२३ वा नियम मागे बसणाऱ्यासाठी हाताची पकड, पाय ठेवण्याची सोय आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे आवरण मागतो. ट्रॅकरच्या एकट्याच्या बैठकीत आणि उघड्या मागच्या चाकात यांपैकी एकही बाब राहत नाही. म्हणजे चौकट न कापताही ही आकृती नियमाशी विसंगत होऊ शकते, आणि ‘नुसते बोल्टांनी लावले आहे’ हा बचाव येथे पुरत नाही. पान्याच्या बाजूने बोलणाऱ्यांनी, माझ्यासह, हे मान्य केले पाहिजे. सायलेन्सरबाबत मुंबई-पुण्याच्या वाहतूक पोलिसांनी जप्त नळ्यांवर रोडरोलर फिरविल्याची दृश्ये सर्वांनी पाहिलीच आहेत.

शासनाच्या बाजूचे म्हणणे न्याय्य रीतीने मांडायचे तर ते असे: लक्षावधी दुचाक्यांच्या देशात प्रत्येक मालकाच्या कल्पनेची तांत्रिक परीक्षा घेणे प्रादेशिक परिवहन कार्यालयांच्या आवाक्यातले नाही, आणि सैल जोडाची किंमत रस्त्यावरच्या तिऱ्हाइताने का मोजावी? घडविणाऱ्यांचे उत्तर असे की, कायद्याने फेरफाराचे दार सर्वस्वी बंद केलेलेच नाही. अपंग व्यक्तींसाठी वाहन जुळवून घेण्याची मुभा आहे. गॅसच्या आणि विद्युतसंचांच्या जोडणीला पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियासारख्या संस्थांच्या प्रमाणनानंतर परवानगी मिळते. २०१९ च्या दुरुस्तीने तर फेरफारासाठीचे विनिर्देश आणि अटी ठरविण्याची जबाबदारी केंद्र सरकारवर टाकली आहे. यातून असा विचित्र प्रसंग उद्भवतो की, जुन्या गाडीचे इंजिन काढून प्रमाणित विद्युतसंच बसविणे कायदेशीर होऊ शकते, पण तिचा मागचा मडगार्ड आखूड करणे होऊ शकत नाही. कारण उघड आहे: ही व्यवस्था एका नमुन्याला मान्यता देते आणि मग त्या नमुन्याच्या हजारो प्रती चालतात, घडविलेली ट्रॅकर मात्र एकुलती एक असते.

जर्मनीत फेरफार तपासणी संस्थेपुढे नेऊन वाहनाच्या कागदात नोंदविण्याची पद्धत आहे, आणि ब्रिटनमध्ये एकेका मोटारसायकलीला स्वतंत्र मान्यता देण्याची सोय आहे. तसे काही येथे व्हावे ही मागणी घडविणाऱ्यांत ऐकू येते. शुल्क किती, परीक्षक कोण, जोडाची चाचणी कोणत्या रीतीने, आणि अपघातानंतर विमा कंपनीने अशा नोंदीला कितपत मानावे, या प्रश्नांचा तपशीलवार मसुदा मात्र हवा तितक्या गांभीर्याने मांडला गेलेला नाही.

अनिर्णित राहिलेले

‘मूलभूत वैशिष्ट्य’ या शब्दांची सीमा दुचाकीच्या बाबतीत कोठे आखावी, हे अद्याप स्पष्ट नाही. दोन कार्यालयांत एकाच हँडलाविषयी दोन निरनिराळी मते पडू शकतात. एकच बैठक ठेवली तर नोंदणीतील आसनक्षमता बदलण्याची तजवीज कशी करावी, याबाबतही एकवाक्यता दिसत नाही. १५ वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावे लागते आणि त्या वेळी गाडी प्रत्यक्ष दाखवावी लागते. जुन्या गाडीच्या मालकाला म्हणून हा प्रश्न टाळता येत नाही. आणि जतनवाद्यांनी उपस्थित केलेला मूळ मुद्दा, म्हणजे कोणती गाडी इतिहासाची आणि कोणती नुसती जुनी, हा तर कोणत्याही कार्यालयात सुटण्यासारखा नाही.

तोवर, ज्याला ट्रॅकर रस्त्यावर चालवावयाची आहे त्याने बुलेट किंवा करिझ्मासारखी विपुल असलेली गाडी निवडावी, चेसिस आणि इंजिन क्रमांकांना धक्का लावू नये, चौकट कापू नये, मागच्या चाकाचे आवरण, पकड, आरसे आणि दोन्ही ब्रेक ठेवावेत, नोंदणीदाखल्यावर परिणाम करणारा प्रत्येक बदल आधी लेखी मंजूर करून घ्यावा, आणि काढलेला प्रत्येक मूळ भाग चिठ्ठी लावून जपून ठेवावा. ज्याला पुढच्या ब्रेकविना, दिव्यांविना, अस्सल ट्रॅकर हवी असेल, त्याने ती टेम्पोत घालून बंद मैदानावर न्यावी. तेथे ५२ व्या कलमाची अडचण येत नाही.